रांगेच्या शेवटची पाटी

आदल्या रात्री भाचीने माझ्यापुढे लोणच्याची रिकामी बरणी ठेवली. आत नाणी. शंभर येनची आणि पाचशे येनची, तिसरं कुठलंच नाही.

"मामा, उद्याचा तुझा खर्च यातून. तिथे दहा हजाराची नोट काढलीस ना, तर मी तुला ओळखत नाही असं सांगेन."

मला वाटलं थट्टा करतेय. शिवाय बरणी जड होती. निम्मी नाणी मी तिथेच ठेवून दिली. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

भाची तोक्योत निशी-कासाई भागात राहते. पुण्या-मुंबईची, हैदराबाद-चेन्नईची संगणकवाली मंडळी या भागात इतकी आहेत, की संध्याकाळी स्टेशनाबाहेर उभं राहिलं तर फोडणीचा वास येतो. ज्या एदोगावा विभागात हे येतं, त्याच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले होते. मी तिच्याकडे पंधरा दिवसांसाठी गेलो होतो, ऑगस्ट २०२४ मध्ये. देवळं, बागा, बुलेट ट्रेन सगळं झालं. मग ती म्हणाली, "आता माझं पंढरपूर बघ." तिचं पंढरपूर म्हणजे कॉमिक मार्केट, लाडाचं नाव कॉमिकेट. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनपट, आणि मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, यांच्या चाहत्यांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या मेळ्यांतला एक. वर्षातून दोनदा भरतो, ऑगस्टच्या मध्याला आणि डिसेंबरच्या अखेरीला. त्या उन्हाळी खेपेला दोन दिवसांत २ लाख ६० हजार माणसं आली. करोनाच्या आधी, डिसेंबर २०१९ मध्ये, चार दिवसांत साडेसात लाख आली होती.

मी गेलो तो ॲनिमेतल्या पात्रांसारखी वेषांतर केलेली पोरं बघायला, हे कबूल करतो. ॲनिमे म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे शिनचॅन, आणि त्याच्यापायी जेवणाच्या ताटावर झालेली भांडणं. भाचीने गाडीतच माझा माज उतरवला. "तू नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली बघायचास की नाही? तो जपानीच होता." खरं आहे. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये काढलेली ती मालिका. तिच्या हिंदी अवतारात शेरखानला आवाज होता नाना पाटेकरांचा, त्यामुळे आमच्या पिढीला तो वाघ आपल्याच गल्लीतला वाटला. युगो साको या जपानी माणसाने त्याच सुमारास रामायणावर चित्रपट काढला, त्यात आपले राम मोहन सहदिग्दर्शक होते. म्हणजे चाहता मी आधीपासूनच होतो, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं.

शिन-किबाला गाडी बदलून रिंकाई लाईनचं दुसरं स्टेशन. बाहेर पडल्यावर समोर तोक्यो बिग साइट. चार पिरॅमिड उलटे करून खांबांवर ठेवावेत तशी इमारत. आवारात जमिनीत रुतलेली एक प्रचंड करवत आहे, लाल मुठीची, क्लेस ओल्डेनबर्ग या शिल्पकाराची. पण करवतीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. सकाळचे आठ वाजले होते, उन्हाचा चटका बसायला लागला होता आणि वाहनतळाच्या डांबरावर माणसांचे चौकोन मांडलेले होते.

चौकोनच. कार्यकर्ते येणाऱ्या माणसांच्या ओळी लावून त्यांचा एक ठोकळा करतात, ठोकळा खाली बसतो. मग पुढचा ठोकळा. आत सोडायची वेळ झाली की एक कार्यकर्ता हात उंचावून चालू लागतो आणि अख्खा ठोकळा त्याच्यामागे जातो, ओळी न मोडता. हे कार्यकर्ते पगारी नाहीत. काही हजार हौशी लोक सुट्टी काढून हे काम करतात. धावायचं नाही, रात्री येऊन मुक्काम ठोकायचा नाही, हे ते घसा बसेपर्यंत ओरडून सांगत असतात. तरी पहिल्या गाडीने उतरून स्टेशनातूनच झपाझप सुटणारे असतातच, आणि त्या प्रकाराला खास शब्दही आहे.

लालबागची रांग मी पाहिली आहे. तिथली रेटारेटी इथे नव्हती. वशिल्याची खिडकीही नव्हती, असं लिहिणार होतो. पण लवकर आत सोडणारं महागडं तिकीट सोडतीने मिळतं, तेव्हा ते वाक्य खोडतो. आम्हा साध्या लोकांच्या मनगटाला कागदी पट्टा होता. तीन तास डांबरावर बसलो. माझ्या शेजारच्या मुलाने मिठाच्या गोळ्यांची पुडी पुढे केली, काही न बोलता. २०१३ च्या उन्हाळ्यात या दालनांत इतका घाम साठला की छताखाली धुकं तरंगलं. त्याला लोक 'कॉमिकेटचा ढग' म्हणतात. हे भाचीने मला रांगेत बसल्यावर सांगितलं, घरी नाही.

आत गेलो आणि वेषांतर वगैरे विसरलोच.

समोर टेबलं. दुमडायची, साधी, कार्यालयात पंगतीला असतात तशी. नजर पोचेल तिथपर्यंत टेबलंच. प्रत्येक टेबल दोघांत वाटलेलं: ९० सेंटिमीटर रुंद, ४५ खोल, एवढी एका विक्रेत्याची जहागीर. त्यावर घरून आणलेला कापडाचा तुकडा, पुस्तिकांची चळत, हाताने लिहिलेली किंमत, सुट्ट्या पैशांचा डबा. मागे खुर्चीवर ती पुस्तिका लिहिणारा, काढणारा, छापून घेणारा आणि पिशवीतून वाहून आणणारा माणूस स्वतः. दोन दिवसांत अशी वीस हजारांवर 'मंडळं'. जपानीत शब्द 'सर्कल' आहे, मी मंडळ म्हणतो. बहुतेक मंडळांत माणूस एकच. अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार एकाच खुर्चीवर बसले असल्यामुळे फूट पडायची भीती नाही.

मी तीस वर्षं दिवाळी अंकांची मुद्रितं तपासली. छापलेल्या कागदाचा वास कळतो मला. ते दालन बघून मला जे आठवलं ते मेळे-जत्रा नव्हे, आमची साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं. 'शब्द', 'असो', 'वाचा'. चारदोन मित्रांनी पदरमोड करून काढलेली, कुठल्याही दुकानात न मिळणारी, हातोहात जाणारी. इथे त्या वस्तूला दोजिनशी म्हणतात. दोजिन म्हणजे एका मताचे, एका आवडीचे लोक. भवभूतीला जो हवा होता तो समानधर्मा! शब्द जुना आहे. ओझाकी कोयो आणि त्याच्या मित्रांनी १८८५ साली 'गाराकुता बुन्को' काढलं, आधी हाताने लिहून एकमेकांत फिरवलं. नावाचा अर्थ साधारण 'अडगळ ग्रंथमाला'. मराठी वाचकाला अडगळीचं मोल वेगळं सांगायला नको. आपल्याकडे का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो १९०९ मध्ये. आपली लघुअनियतकालिकं दहा-पंधरा वर्षांत मिटली. यांची अडगळ वाढत वाढत बिग साइटमध्ये मावेना.

का, याचं उत्तर मला एका टेबलापाशी अर्धंमुर्धं मिळालं.

नाणी संपली होती. एका मुलीच्या टेबलावर मांजरांच्या चित्रांची पुस्तिका होती, किंमत चारशे येन. मी दहा हजाराची नोट काढली. मुलगी विशीतली असेल. तिने नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाकून क्षमा मागितली आणि डबा उघडून नाणी मोजू लागली. पुरेना. शेजारच्या टेबलावरची बाई उठली, तिने तिच्या डब्यातल्या हजाराच्या चार नोटा दिल्या. पलीकडच्या मुलाने उरलेल्या. तीन मंडळांचा गल्ला माझ्या एका नोटेसाठी रिकामा झाला आणि मागे सात माणसं शांत उभी होती. सकाळच्या पहिल्या एसटीत कंडक्टरपुढे पाचशेची नोट धरल्यावर जो उद्धार ऐकावा लागतो तो तरी परवडला. भाची खरंच चार पावलं लांब जाऊन उभी राहिली.

या मेळ्यात गिऱ्हाईक नाही, असा इथला मूळ नियम. विकणारा, विकत घेणारा, कार्यकर्ता, तिघांनाही एकच शब्द: सहभागी. 'ग्राहक देवो भव' म्हणणाऱ्या जपानात ही गोष्ट लहान नाही. दहा हजाराची नोट काढणारा मी दुकानातल्यासारखा वागलो होतो. समोर दुकान नव्हतं. ती मुलगी माझ्याइतकीच हौशी होती, आणि तिचा हिशेब बहुधा तोट्यातलाच होता. बहुतेकांचा असतो. छपाईचा खर्च निघाला तर पेढे वाटावेत अशी परिस्थिती.

या मेळ्याची सुरुवात भांडणातून झाली हे ऐकून तर मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. सत्तरच्या दशकात तिथे मांगाच्या रसिकांचं एक मोठं संमेलन भरत असे. त्याच्यावर टीका करणाऱ्या एका तरुणीला आयोजकांनी १९७५ साली प्रवेश नाकारला. त्यावर चिडलेल्या समीक्षक पोरांच्या 'मेइक्यू' या गटाने वेगळी चूल मांडली: योशिहिरो योनेझावा, तेरुओ हारादा, जुन आनिवा. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योच्या तोरानोमोन भागात, अग्निशमनवाल्यांच्या इमारतीतल्या एका सभागृहात पहिला बाजार भरला. ३२ मंडळं, सुमारे ७०० माणसं. आलेल्यांत बहुतेक शाळकरी मुली होत्या, मोतो हागिओसारख्या लेखिकांच्या मांगा वाचणाऱ्या. ॲनिमेचा चाहता म्हणजे चष्मेवाला एकलकोंडा मुलगा, हे चित्र नंतरचं. डिसेंबर २०२५ मध्ये त्या दिवसाची पन्नाशी. योनेझावांनी पुढे पाव शतक हा गाडा ओढला आणि २००६ मध्ये ते गेले. त्यांनी जमवलेल्या मांगा आणि मासिकांचं ग्रंथालय मेइजी विद्यापीठात आहे.

'ओताकू' हा शब्दही इथलाच. १९८३ मध्ये अकिओ नाकामोरी या लेखकाने कॉमिकेटला जमणाऱ्या पोरांची टर उडवणारा लेख लिहिला. ही पोरं एकमेकांना 'ओताकू' म्हणत, म्हणजे 'आपण'. बरोबरीच्या मित्राला कुणी 'आपण कुठून आलात?' विचारावं तसं. ते अवघडलेपण त्याने नेमकं पकडलं आणि तोच शब्द शिवीसारखा चिकटवला. पुढे १९८९ मध्ये लहान मुलींच्या खुनांच्या एका प्रकरणात पकडलेल्या माणसाच्या खोलीत चित्रफितींचे ढीग सापडले, तेव्हा ही शिवी फार जड झाली. आज भाची फुशारकीने स्वतःला ओताकू म्हणवते. तिच्या वयाच्या कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. मला अजून थोडं वाटतं, कारण त्या शब्दाने ज्यांची शाळेतली वर्षं नासली ते आता माझ्या वयाचे आहेत, आणि त्यातले बरेच त्या दिवशी टेबलांमागे बसलेले होते.

आता सोवळं बाजूला ठेवून एक गोष्ट लिहितो. इथे विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांत निव्वळ प्रौढांसाठीच्या, उघड्यावाघड्या पुस्तिका पुष्कळ आहेत. पुरुषांनी काढलेल्या आहेत तशा बायकांनी काढलेल्याही. एका ओळीच्या तोंडाशी भाचीने माझा दंड धरून मला वळवलं, "मामा, ही ओळ नको." मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. यावरूनच १९९१ मध्ये माकुहारी इथल्या प्रदर्शन केंद्राने कॉमिकेटला जागा नाकारली आणि सगळं बिऱ्हाड पुन्हा जुन्या हारुमीच्या जागेत हलवावं लागलं. बिग साइटला ते १९९६ मध्ये आलं. प्रत्येक नव्या पुस्तिकेची एक प्रत विक्रीआधी कार्यकर्त्यांना दाखवावी लागते. काय झाकायला हवं हे ते बघतात. ही व्यवस्था आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. काही चित्रं मला ओळ न बघताही खटकली, आणि 'हौस आहे' या उत्तराने ती खटक जात नाही.

दुसरी अडचण कायद्याची. निम्म्याहून अधिक माल दुसऱ्याच्या पात्रांवर उभा. कुणी प्रसिद्ध ॲनिमेतल्या दोन वैऱ्यांचं लग्न लावून दिलंय, कुणी मेलेल्या नायकाला जिवंत केलंय. जपानी कायद्यात अशा गोष्टीवर खटला चालायचा तर मूळ मालकाने तक्रार करावी लागते, आणि मालक सहसा करत नाहीत. २०१८ मध्ये कायदा कडक झाला तेव्हाही या हौशी पुस्तिकांना त्या कडकपणातून वगळलं गेलं. मालकांचं हे औदार्य आंधळं नाही. उद्याचे चित्रकार याच टेबलांमागे बसलेले असतात. 'कार्डकॅप्टर साकुरा' काढणाऱ्या 'क्लॅम्प' या बायकांच्या गटाची सुरुवात दोजिनशीतली. 'टाईप-मून'चा 'त्सुकिहिमे' हा खेळ डिसेंबर २००० मध्ये इथेच टेबलावर विकला गेला; आज त्या नावामागे अवाढव्य व्यवसाय आहे. आपल्याकडे पुलंच्या पात्रांवर कुणी हौशी कथा छापून विकल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार परतीच्या विमानात मी बराच वेळ केला.

ज्यांचं नाव झालं आहे अशा मंडळांना भिंतीलगत जागा देतात, कारण त्यांची रांग दाराबाहेर काढता येते. मधल्या टेबलांच्या पुंजक्याला 'बेट' म्हणतात आणि बेटाच्या टोकाच्या टेबलाला 'वाढदिवसाची जागा', केकपुढे उत्सवमूर्तीला बसवतात तशी. भाचीला भिंतीलगतचं एक पुस्तक हवं होतं. रांग बाहेर उन्हात, वळून पुन्हा वळलेली. रांगेच्या शेवटी उभ्या मुलाच्या हातात पुठ्ठ्याची पाटी होती: 'शेवट इथे'. मी जाऊन त्याच्या मागे उभा राहिलो. त्याने मागे वळून दोन्ही हातांनी ती पाटी माझ्या हातात दिली आणि पुन्हा पुढे तोंड केलं. भाची हसली. आता रांगेचा शेवट मी. मिनिटभरात एक बाई आली, मी तिला पाटी दिली, दोन्ही हातांनी. पाटी धरायला कुणी नेमलेला नव्हता. दिवसभर ती अनोळखी हातांतून अशीच मागे मागे सरकत होती. त्या एका मिनिटात मी त्या मेळ्याचा माणूस झालो, मनगटावरच्या पट्ट्याने झालो नव्हतो. पुस्तक आमच्यापुढे अकरा माणसं असताना संपलं. 'संपलं' असं पुकारल्यावर रांगेने टाळ्या वाजवल्या, हे मला अजून उलगडलेलं नाही.

वेषांतरवाले शेवटी भेटले, बाहेरच्या चौकात आणि गच्चीवर. घरून कुणी वेष करून येत नाही, तशी मनाई आहे. इथे येऊन नोंदणी करायची, कपडे बदलायचे, जाताना पुन्हा साध्या कपड्यात जायचं. 'कोसुपुरे' हा कॉस्ट्यूम आणि प्ले यांचा सांधा १९८३ मध्ये एका जपानी मासिकात पहिल्यांदा छापला गेला. पस्तीस अंशांच्या उन्हात लोकरी झगा घालून एक योद्धा उभा होता, त्याचा मी सरळ फोटो काढला. तो वाकला आणि हाताने दाखवलं: विचारून, आणि ओळीने. ओळ होतीच, मला दिसली नव्हती. त्याच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची रांग, प्रत्येकाला दोन-तीन क्षण. गर्दी फार झाली की लोक गोल करून उभे राहतात, कुणीतरी दहापासून उलटे आकडे मोजतो आणि शून्याला गोल मोडतो. मी रांगेत जाऊन फोटो काढला. तो आधीच्यापेक्षा वाईट आला.

शेवटचा तास मी एकटाच फिरलो. रेल्वे, प्रवास, टीकालेखन असल्या विषयांच्या ओळीत गर्दी पातळ होती. तिथे साठीतला एक गृहस्थ बसला होता, गळ्यात टॉवेल. पुढे एकाच पुस्तिकेच्या प्रती. त्याच्या जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या बस थांब्यांच्या शेडी, त्याने स्वतः सायकलवर फिरून काढलेले फोटो, खाली तारीख, पत्र्याचा रंग आणि बाकावर किती माणसं बसू शकतात ते. दुसरं काही नाही. कथा नाही, ॲनिमे तर नाहीच. शेवटच्या पानावर एका शेडीची रिकामी जागा: फोटो काढून झाल्यावर आठवड्यात पाडली. पुस्तिका झेरॉक्सवर काढलेली, दोन पिना मारलेल्या. अशा ऐन वेळी झेरॉक्स काढून घडी घातलेल्या पुस्तिकेला इथे 'कोपी-बोन' म्हणतात. छापखान्याची तारीख चुकलेल्यांचा तो आधार. दसरा उलटून गेल्यावर मजकूर पाठवणारे लेखक मी आयुष्यभर पाहिले, तेव्हा मी त्याच्याकडे जरा मायेने बघितलं. भाचीला बोलावून विचारायला लावलं, किती छापल्या? तीस. किती गेल्या? नऊ. पुढच्या खेपेला येणार? त्याला प्रश्न कळला नाही असं वाटलं. भाची म्हणाली, "तो म्हणतोय, अजून शेजारचा जिल्हा राहिलाय."

या वेळी माझ्याकडे सुटे तीनशे येन होते.

चारच्या सुमाराला ध्वनिक्षेपकावरून मेळा संपल्याचं जाहीर झालं आणि सगळं दालन टाळ्या वाजवू लागलं, विकणारे, घेणारे, कार्यकर्ते, सगळे एकमेकांसाठी. मग खुर्च्या दुमडायचा आवाज सुरू झाला. निघायची घाई नसलेले लोक थांबून टेबलं उचलू लागले. एका टेबलाचं एक टोक मी धरलं, दुसरं त्या शेडीवाल्याने.

पुस्तिका माझ्या कपाटात दिवाळी अंकांच्या रांगेत उभी आहे. चोवीस पानं, तीनशे येन, तिसातली दहावी प्रत. पुण्याच्या पावसाळ्यात एक पीन गंजली आहे.